मोठ्या आवाजातली प्रार्थना

तमाम भाविकांना, शेजाऱ्यांना आणि माझ्या सासरच्या मंडळींना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मी आयुष्यात कुणाचंही गुपित फोडलेलं नाही. माझ्यावर तसा आरोप आहे, पण तो खोटा आहे. मी फक्त देवाला सांगितलं. आता देवाला सांगत असताना आमच्या बाहेरच्या खोलीत आणखी अकरा माणसं डोळे मिटून बसली होती, हा निव्वळ योगायोग.

गुपित आमच्या ह्यांचं होतं. हे जयगडच्या बाजूला एका बंदरावर क्रेन चालवतात. जहाजाच्या पोटातला कोळसा लोखंडी पंजात धरून वर काढायचा आणि धक्क्यावर ओतायचा. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, आठ-आठ तास, सोळा वर्षं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते आणि हे समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत उभे होते. एक डोळा झाकायचे, मग दुसरा. मला वाटलं, खांबावर वांदर चढलाय. मग हळूच म्हणाले, उजव्या डोळ्याने बघितलं की खांब मधोमध वाकतो, आणि वाकतो तिथे मळकट डाग दिसतो. आठवडा झाला होता. क्रेनचा दोरही तसाच वाकडा दिसत होता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. हे म्हणाले, नाही. कंपनीची वार्षिक तपासणी अठरा दिवसांवर आली होती, तोवर आपोआप बरं होईल असं त्यांचं गणित. डॉक्टरकडे गेलं की कागद होणार, कागद झाला की खाली उतरवणार, आणि एकदा खाली उतरवलेला क्रेनवाला पुन्हा वर चढत नाही. दोघांचं तसं झालेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा कुणाला सांगायचं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. आम्ही लोक शपथ घेत नाही, म्हणून मी नुसती मान हलवली.

पुढचा आठवडा मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. हे शिफ्टला निघाले की बस वळेपर्यंत मी दारात उभी राहायची. परत आले की मी डोळ्यांकडे बघायची आणि हे माझी नजर चुकवायचे. जेवताना भाताकडे बघत जेवायचे.

मग आला बुधवार.

आमच्या मंडळीची दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. रत्नागिरीत आमची घरं मोजकी, त्यामुळे पाळी लवकर येते. गाणी होतात, वचन वाचलं जातं, पाळकसाहेब थोडक्यात बोलतात, म्हणजे त्यांच्या मते थोडक्यात, आणि मग सगळे डोळे मिटून एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. बाहेरच्यांना सांगायला हरकत नाही, आमच्यात बातमी फिरण्याची ही सर्वांत पवित्र वाट आहे. अमक्याच्या घरात नवराबायकोचं पटत नाही, असं विहिरीवर सांगितलं तर ती चहाडी. पण ‘प्रभू, त्या घरात तुझी शांती उतरू दे’ म्हटलं की झाली मध्यस्थी. माझा या विद्येत हात धरणारं कुणी नाही.

त्या बुधवारी पाळी आमची होती आणि एक नवीन बाई आल्या होत्या. मुंबईहून बदली होऊन आलेल्या शिफ्ट इन्चार्जची बायको. ह्यांच्याच शिफ्टचा इन्चार्ज. हे मला माहीत होतं. मीच त्यांना हाताला धरून आत आणलं, पंख्याखालची खुर्ची दिली, आणि मग डोळे मिटल्यावर जग विसरले. डोळे मिटले की मला फक्त माझा आवाज ऐकू येतो, आणि तो मला आवडतो. उपकारस्तुती झाली, आजारी झाले, दहावीची मुलं झाली. आणि मग आठवडाभर घशात अडकलेलं आपसूक बाहेर आलं. ‘बापा, तुला तर सगळं ठाऊक आहे. तुझ्या लेकराचा उजवा डोळा तू बरा कर. त्याला क्रेनचा दोर वाकडा दिसतो, तो सरळ दिसू दे. तपासणीत काही निघू देऊ नकोस.’

खोलीत कुणीतरी श्वास आत घेतला. मी डोळे किलकिले केले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, फक्त ह्यांचे दोन्ही उघडे होते. चांगला काय, वाईट काय, दोन्ही डोळे माझ्यावर रोखलेले.

पंख्याखालच्या खुर्चीतून बारीक आवाजात ‘आमेन’ आलं.

सगळे गेल्यावर हे चहाचे कप विसळायला बसले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, हे कप विसळायला बसले की मी घाबरते. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. शेवटचा कप पालथा घालून म्हणाले, "देवाला हळू बोललेलं ऐकू येत नाही का गं?"

दुसऱ्या दिवशी ह्यांची शिफ्ट दुपारी दोनची होती. कंपनीची बस साडेबाराला. अकराच्या सुमारास मी कोकमाची बाटली पिशवीत टाकली आणि काही न सांगता इन्चार्जबाईंच्या घरी गेले. रिक्षात मी दोन नाटकं बसवली. एकात मी हसत हसत म्हणणार होते की तो डोळा दुसऱ्याच कुणाचा. दुसऱ्यात पाय धरणार होते. दार उघडल्यावर दोन्ही विसरले आणि सरळ विचारलं, तुम्ही साहेबांना सांगितलंत का.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. म्हणाल्या, "ताई, प्रार्थनेत ऐकलेलं मी बाहेर काढत नाही. आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही. पण कालपासून एकच मनात येतंय. तुम्ही डोळ्यासाठी मागितलंत, नोकरीसाठी मागितलंत. त्या पंजाच्या खाली जी माणसं उभी असतात, त्यांच्यासाठी कुणीच मागितलं नाही."

मी पेला खाली ठेवला. आठवडाभर मी उठता-बसता प्रार्थना करत होते, आणि प्रत्येक प्रार्थनेत त्या उंच केबिनमध्ये एकटे हेच होते. खालचा धक्का माझ्या मनात रिकामा होता. तिथे आमच्याच आळीतला एक जण कामाला जातो. त्याची बायको मला रोज पाण्याला भेटते. मी विश्वास म्हणत होते, पण खरं तर देवाला आमच्या लपवाछपवीत सामील करून घ्यायला बघत होते.

घरी आले तेव्हा बारा चाळीस झाले होते. बस गेली होती. फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. एक वाजता बंद लागला. वर चढायच्या आधी फोन खालच्या कपाटात ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. पण एवढ्या लवकर?

मग मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. प्रार्थनेला बसले म्हणण्यासारखं ते नव्हतं, कारण शब्दच येईनात. मी, जिला पाळकसाहेब दोनदा खोकून थांबवतात, तिला एक वाक्य जुळेना. नुसतं मनात म्हटलं, तू बघ. घड्याळात दोन झाले. दोन वाजून दहा. कुठूनतरी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आल्यासारखा वाटला आणि मी उभी राहिले. तो दूधवाल्याच्या मोटारसायकलचा हॉर्न होता. पुन्हा बसले. तू बघ, एवढंच.

दोन पंचवीसला फोन वाजला.

हे शिडीपर्यंत गेले होते. दोन पायऱ्या चढले, वर बघितलं, दोर वाकडाच. मग उतरले आणि थेट इन्चार्जच्या केबिनमध्ये गेले. तसंही बायकोने त्याला सांगितलंच असेल, असं ह्यांनी धरलं होतं. सगळं ओकून टाकलं, आणि मग कळलं की त्या माणसाला कशाचा पत्ताच नव्हता. त्याने जागच्या जागी ह्यांना क्रेनवरून काढलं आणि ट्रकच्या वजनकाट्यावर बसवलं. डोळ्याच्या डॉक्टरचं लेखी आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. फोनवर ह्यांचा आवाज कोरडा होता, पण आठवड्यात पहिल्यांदाच तो ह्यांचा आवाज होता.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. कधी कधी नाही ओसरत. औषध काय, तर झोप आणि चिंता कमी. आयुष्यभर रविवारी जे ऐकत आले, ते या माणसाने फी घेऊन चिठ्ठीवर लिहून दिलं. सोबत चौकटी-चौकटींचा एक कागद. रोज सकाळी डावा डोळा झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूची रेघ सरळ दिसते की वाकडी, ते सांगायचं.

तो कागद फ्रिजवर लागला. रोज सकाळी मी विचारायची, वाकडी? हे म्हणायचे, वाकडी. एवढीच आमची सकाळची उपासना. सांगायला मला आवडलं असतं की माझा विश्वास त्या दिवसांत डोंगरासारखा उभा होता. तो नव्हता. सकाळी ‘वाकडी’ ऐकलं की कोसळायचा, संध्याकाळपर्यंत कसाबसा उभा राहायचा. पण रोज राहायचा, आणि तो मी उभा करत नव्हते, एवढं मला कळत होतं. हे वजनकाट्यावर जायचे, ट्रक मोजायचे, परत यायचे, झोपायचे. शांत झोपायचे. मला त्याचाही राग यायचा.

मे महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा यंत्रावर डोळा तपासला. कंपनीने क्रेनवर नवीन माणूस घ्यायचं ठरवलं होतं. महिनाअखेरीपर्यंत लेखी आलं तर जागा ह्यांची, नाहीतर त्याची. डॉक्टर खूश दिसले. पाणी जवळजवळ ओसरलंय म्हणाले. लेटरहेड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, रेघा आता सरळ दिसतात ना? भिंतीवर तसाच चौकटींचा कागद होता. ह्यांनी डावा डोळा झाकला. मी खुर्चीची कड धरली. एक शब्द होता, ‘हो’. डॉक्टर वर बघतही नव्हते. हे बघत राहिले, बघत राहिले, आणि म्हणाले, "ठिपक्याच्या डावीकडची एक रेघ अजून किंचित वाकते, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. आणि दारापलीकडे रांगेत बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा, मी डोळा मागितला होता, तू ह्यांना खरं बोलायलाच शिकवून ठेवलंस!"