मांडवात गेलेले टेकू

अंधेरीतल्या एका चाळीची गॅलरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी तिथल्या पोलीस ठाण्यात नवाच फौजदार होतो. एका दुपारी एक तरुण इंजिनिअर धापा टाकत आत शिरला आणि म्हणाला, “साहेब, टेकू चोरीला गेलेत!”

मला हसू आलं. कोंबड्या, सायकली, तांब्याचे हंडे यांच्या तक्रारी रोजच्या होत्या. टेकूंची पहिलीच. कुणी जळणाला नेले असतील म्हणत मी हवालदारांना तक्रार लिहून घ्यायला सांगितलं.

“अहो, ते चाळीच्या गॅलरीखालचे टेकू आहेत, आणि आज तिथेच लग्न आहे,” इंजिनिअर कळवळून म्हणाला. “वरात आली की सगळे गॅलरीत येतील आणि गॅलरी खाली!”

त्याने टेबलावरचा रूळ उचलला, अर्धा टेबलाबाहेर काढला आणि आतलं टोक हवालदारांना दाबून धरायला लावलं. मग बाहेरच्या टोकावर बोट ठेवलं.

“गॅलरीच्या तुळया भिंतीतून अशाच बाहेर आल्यात. दाराशी उभा राहिलेला माणूस आणि कठड्याला रेललेला माणूस, वजन सारखंच. पण कठड्यावरच्याचा ताण भिंतीशी कितीतरी जास्त पडतो. नेमक्या तिथेच तुळया चिरल्यात. नवीन तुळया येईपर्यंत मी भाराचा हिशेब करून बाहेरच्या टोकाखाली सागवानी टेकू दिले होते.”

त्याने बोट जरा दाबलं. रूळ हवालदारांच्या हातून निसटून उडाला. माझं हसू तिथेच थांबलं. आम्ही निघालो.

चाळीच्या अंगणात मांडव सजला होता. सगळीकडे बारीक बांबू, पण दर्शनी खांब तेवढे चांगले दणकट, लाल कापड गुंडाळलेले. मी एकाचं कापड सरकवलं. आत सागवान, आणि डोक्याला गॅलरीचा चुना. मांडववाल्याला बाजूला घेतलं.

“हे खांब कुठून आणले?”

“आपलेच आहेत, साहेब.”

“मग यांच्या डोक्याला चाळीचा चुना कसा? ठाण्यात चल, तिथे आठवेल.”

तो ताबडतोब विरघळला. “बांबू कमी पडले हो! हे गॅलरीखाली नुसते उभे होते, काय काम नाय, धंदा नाय. उद्या परत लावणारच होतो ना!”

इंजिनिअरने कपाळावर हात मारला. तेवढ्यात लांबून बँड ऐकू आला आणि वरची दारं धडाधड उघडली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं घेऊन बाप, सगळे कठड्याला येऊन चिकटले. वरून चुन्याचा एक पोपडा माझ्या टोपीवर पडला.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर इंजिनिअरने माझा हात धरला. “ओरडू नका! घाबरून एकदम पळाले तर हादऱ्याने ताण आणखी वाढेल. सावकाश आत गेले पाहिजेत. खोल्या पक्क्या आहेत.”

हवालदारांना मी बँड कोपऱ्यावर थांबवायला पिटाळलं. आता एवढा जमाव सावकाश आत कसा घालवायचा? पोलिसाला माणसांची एक गोष्ट रोज दिसते. बघायला सगळे येतात. तीच आठवली. मी कागद-पेन्सिल काढली आणि शांतपणे वर पाहून म्हणालो,

“मंडळी, इथे चोरीचा पंचनामा करायचाय. दोन पंच हवेत. पुढे कोर्टात साक्षीला यावं लागेल. गॅलरीत जे दिसतील, त्यांचीच नावं घेतो.”

कुणी पळालं नाही. पळणारा पोलिसाच्या नजरेत भरतो ना! एका बाईंना चुलीवरचं दूध आठवलं. एक गृहस्थ माझ्याकडे न बघता मागच्या मागे दारात शिरले. कठड्यावर पोट टेकवून उभा असलेला पहिलवानसुद्धा चवड्यांवर आत गेला. बघता बघता गॅलरी रिकामी झाली, आणि एक तुळई करकरलीसुद्धा नाही. इंजिनिअर मटकन पायरीवर बसला आणि हसत सुटला.

वधूपिता मात्र रडकुंडीला आले होते. “सायबानू, वरात थांबवलास, मुहूर्त टळतलो हो! माझ्या चेडवाचा कसा होतला?”

“काही टळत नाही,” मी म्हणालो, पण मलाही धाकधूक होती. मांडववाल्याच्या माणसांनी आधी बांबूंची जोड देऊन मांडव सावरला, मग टेकू सोडवून गॅलरीखाली ठोकून बसवले. इंजिनिअरने एकेक हलवून पाहिला आणि मान डोलावली. मग मी वरात सोडली. मुहूर्त साधला.

मांडववाल्याला समज देऊन इंजिनिअरने तक्रार सोडून दिली. तरी ती नोंदलेली होती, पंचनामा करणं भागच होतं. आता खरोखरच पंच हवे होते. मी पंगतीत हाक दिली आणि सगळ्यांना एकदम वरणभातात रस वाटू लागला.

“मी होतो पंच,” पाटावरून आवाज आला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उठून उभा होता. “सही कुठे करायची?”

त्याला बघून बँडमास्तरही क्लॅरिनेट खाली ठेवून पुढे आला.

पुढे पुष्कळ मोठे गुन्हे हाताळले. पण भल्या माणसाची माझी परीक्षा त्या दिवशी ठरली, ती कायमची. हाक मारल्यावर तो आत जातो की पुढे येतो, एवढंच मी बघत आलो. नवरदेव सही करत असताना वधूपिता माझ्या कानाशी आले आणि डोळे पुसत म्हणाले, “सायबानू, जावई बरो गावलो.”