खांदा आधी वळतो

पगारे काका माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. आधी हात, मग खिसा, मग पाय, आणि हे सगळं जुळलं तर शेवटी चेहरा. पहिल्या दिवशी मी रिंकच्या बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या बांधत होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रोज येता का आजच आलात?"

"आजपासून."

"इथलं कोणी सांगितलं?"

"मैत्रिणीने."

"ती कुठंय?"

मैत्रीण दोन दिवस येऊन गुडघा धरून घरी बसली होती. तसं मी सांगितलं, तर मान हलवत म्हणाले, "बघा. सांगणारा कधी डब्यात नसतोच." मला वाटलं, हे इथले वॉचमन असावेत.

ते वॉचमन नव्हते. माझ्यासारखेच शिकायला येणारे होते. मनमाडला राहून रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केलेली, निवृत्तीनंतर नाशकात पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलेला. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण पाठ ताठ. या वयात स्केटिंग कशाला, असं विचारलं तर म्हणत, "घरी बसलो की सोसायटीवर लक्ष ठेवतो. सेक्रेटरी वैतागला. बायको म्हणाली, तुम्ही कुठंतरी जा." बागेतल्या चालणाऱ्यांच्या घोळक्यात त्यांचं जमलं नाही. ते लोक गप्पा मारण्यासाठी येतात आणि चालण्याचं नुसतं नाव करतात, हे काकांनी आठवडाभरात शोधून काढलं आणि त्यांना तोंडावर सांगितलं.

आमचा रिंक इंदिरानगरात आहे, सिमेंटचा. बर्फावर जे फिगर स्केटिंग करतात तेच इथे चाकांवर शिकवतात, कारण नाशकात बर्फ फक्त रसवंतीत मिळतो. सकाळी आधी मोठ्यांची बॅच, मग लहान मुलांची. शिकवायला रोहन सर, जेमतेम तिशीचा मुलगा. आमच्या बॅचमध्ये मी वयाने मधली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे काकांशी माझं जमलं असावं. "तुम्ही पण तपासणीवाल्याच," असं ते म्हणत. रोज सकाळी ते स्वतःच्या चाकांचे नट पाना लावून बघत, मग माझे. काल घट्ट होते, असं म्हटलं तर विचारत, "रात्री कोण होतं त्यांच्यापाशी?" पुढे पुढे मीही घरचा गॅस दोनदा बघायला लागले.

वर्षभरात आम्ही बऱ्यापैकी पुढे आलो. पुढे जाता जाता त्याच पायावर वळून उलटं जायचं, जमिनीवर इंग्रजी तीनचा आकडा उमटल्यासारखं, ते वळण दोघांना यायला लागलं. मग सरांनी ब्रॅकेट काढलं आणि आमची गाडी यार्डात जाऊन अडकली. तीनच्या वळणात अंग गोलाच्या आतल्या बाजूला वळतं, ते अंगाला पटतं. ब्रॅकेटमध्ये गोल एका बाजूला चाललेला असतो आणि आपण वळायचं नेमकं उलट, गोलाच्या बाहेर. दुसरा पाय टेकायचा नाही. सर सांगायचे, "गुडघा वाकवा, वर या, पाय वळवा." आम्ही गुडघा वाकवायचो, वर यायचो आणि बसायचो, तेही सिमेंटवर.

काकांना पक्का संशय आला. नाडी बांधायच्या निमित्ताने माझ्याशेजारी बसून म्हणाले, "हा पोरगा अर्धंच सांगतोय. अर्धं ठेवून घेतोय."

"काका, तो कशाला ठेवून घेईल?"

"कशाला ते नंतर. ठेवून घेतोय का नाय, ते आधी बघू. मॅडम, तोंडाचं काय ऐकू नका. तोंडानं सगळेच म्हणतात तिकीट हाय."

त्यानंतर आमची बॅच संपली तरी काका घरी जाईनासे झाले. मुलांची बॅच सुरू व्हायची आणि हे मफलर गुंडाळून बाकावर बसलेले. थंडीचे दिवस होते, त्यामुळे मफलरचं कोणाला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या बाकावर मुलींच्या आया बसत. एकटा म्हातारा, स्वतःचं नातवंड नाही, आणि रोज टक लावून बघतोय. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. मी लॅबला जायच्या घाईत असायचे, तरी ती माझ्या कानावर आली. मी ती झटकून टाकली, पण पूर्ण गेली नाही. हे रोज काय बघतात, असं मलाही एकदा वाटून गेलं.

एका सकाळी मी गाडीची किल्ली विसरले म्हणून परत आले, तर रिंकवर आवाज चढले होते. मुलांच्या बॅचमधल्या स्वराची आई काकांपुढे उभी होती. मफलरच्या घडीत मोबाईल होता आणि तो चालू होता. "मुलींचे व्हिडिओ काढताय तुम्ही? लपवून?" तिने विचारलं. मला बघून म्हणाली, "तुम्ही ओळखता ना यांना?" मी लगेच "ओळखते" म्हटलं. आणि म्हणता म्हणता वाटलं, तपासल्याशिवाय कोणाची अशी हमी घेऊ नये, हे तर यांनीच शिकवलंय.

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी मोबाईलचं लॉक काढलं आणि तो तिच्या हातात दिला. "बघा. बघायलाच पाहिजे. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी धरलं असतं." ती एकेक व्हिडिओ उघडायला लागली. हे शेजारी उभे राहून सांगत होते, "डिलीट केलेलं पण उघडा. लोक तिथंच ठेवतात." सगळ्या आया वाकून बघत होत्या. मुलं खेळायची थांबली होती. मला तिथे उभं राहवत नव्हतं.

सगळ्या व्हिडिओंत रोहन सर होते. तेही छातीपासून वर. मुलं फ्रेमच्या खाली राहिलेली, एखाद्या हेल्मेटचं टोक तेवढं दिसायचं. स्वराच्या आईला काही कळेना. सरांनाही कळेना. "काका, माझे व्हिडिओ? मला सांगितलं असतं तर मी उभा राहिलो असतो."

"तेच नको होतं. सांगून बघितलं की माणूस सरळ चालतो," काका म्हणाले. मग एक व्हिडिओ लावून त्यांनी बोट ठेवलं. "विदाऊट तिकीट माणूस मला बघून लगेच पळत नाय. तोंड माझ्याकडंच ठेवतो, पाय जागेवर ठेवतो, पण खांदा दरवाज्याकडं जातो. खांदा आधी वळतो, पाय मागनं. तुमचं बघा. वळायच्या आधीच खांदा उलटा गेलाय. हे तुम्ही आम्हाला एकदा तरी सांगितलं?"

सरांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग रिंकवर जाऊन एक ब्रॅकेट मारलं, आणखी एक मारलं, आणि तिथूनच म्हणाले, "मी असं करतो हे मलाच माहीत नव्हतं." लहानपणापासून करत आल्यामुळे खांदा आपोआप जात होता आणि तोंड बिचारं फक्त गुडघ्याचं सांगत होतं. काका त्यांच्याकडे बघत राहिले. न लपवता लपवणारा माणूस त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटला होता.

स्वराच्या आईने माफी मागितली. काका म्हणाले, "माफी कशाची? पोरगी तुमची हाय. उद्या पण लक्ष ठेवा." ते बोलले अगदी नीट, पण स्केट्सची पिशवी उचलायला त्यांना दोनदा हात घालावा लागला.

दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलेला खांदा वापरून मला ब्रॅकेट आलं. ते बघायला काका नव्हते. नंतरही आले नाहीत. रिंकवरच्या बोलण्यात मात्र ते रोज होते, कारण व्हिडिओत काही सापडलं नाही, ही बातमी सगळीकडे फिरली. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनाही ती कळली, आणि मग ते विचारायचे, "पण काही नव्हतं तर बघायची वेळ का आली?" मला या लोकांचा भयंकर राग यायचा. पण कोणाचं तोंड धरणार?

एका रविवारी मी पाथर्डी फाट्याला त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं आणि मला स्वयंपाकघराकडे ओढत हळूच म्हणाल्या, "हे कोणाला काही विचारतच नाहीत हो. काल वायरमन आला, ओळखपत्र न बघता आत घेतला. मला धास्तीच बसलीय."

काका गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, "काका, चला की परत. तुमच्याकडे काही सापडलं नाही, सगळ्यांना माहितीय."

"सापडलं नाय, खरंय," ते म्हणाले. "मॅडम, मी जन्मभर लोकांना म्हणायचो, तिकीट हाय ना, मग घाबरता कशाला? बायामाणसांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. चार लोकांत पिशवी उलटी करायला लावायचो. काही निघालं नाय की म्हणायचो, बसा आता आरामात. ती माणसं आरामात बसायची नाय. मला वाटायचं, नाटकं करतात. तपासून झाल्यावर माणूस पयल्यासारखा बसू शकत नाय, हे मला माहीतच नव्हतं."

काकूंनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो. उठताना मी एवढंच म्हटलं, "मोठ्यांच्या बॅचला या. तेव्हा तिथे आपण दोघं-तिघंच असतो."

ते आले. मोबाईल घरी ठेवून यायचे आणि मुलं यायच्या आधी निघून जायचे. स्वराची आई कधी गेटवर भेटली तर लांबूनच नमस्कार करायची, आणि दुसऱ्या हाताने मुलीचा दंड धरलेला असायचा. काका नमस्कार घ्यायचे आणि दंडाकडे बघायचे नाहीत, आणि ज्याची नजर आधी हातावर जायची त्या माणसाला ते किती जड जात असेल, हे मला दिसत होतं.

आता ते मनमाडला मुलाकडे राहायला गेलेत. जायच्या आठवड्यातली एक सकाळ सांगते. धुकं होतं. रोहन सर फोनवर बोलत रिंकच्या बाहेर गेले होते. काका गोलावर निघाले, उजव्या पायावर तोललेले. खांदा उलटा गेला, पाय त्याच्यामागून गेला, आणि ते उलटे सरकत धुक्यात लांबपर्यंत गेले. दुसरा पाय हवेतच होता.

ते परत आले तेव्हा धापा टाकत होते. "बघितलंत?"

"बघितलं."

"पाय टेकला नाय ना?"

"नाही टेकला."

मी माझा मोबाईल काढला आणि म्हटलं, "पुन्हा करा, व्हिडिओ काढते. तुमचं तुम्हाला बघता येईल."

त्यांनी माझ्या मोबाईलवर हात ठेवून तो खाली केला. "नको मॅडम. तुम्ही बघितलं म्हणताय ना, झालं मग."