माझे मामासासरे आणि अनुसूचीत नसलेली खाडी

सरकारने केलेल्या प्रत्येक कायद्याला आपली संमती लागते, अशी प्रामाणिक समजूत असलेला मनुष्य संपूर्ण मीरा-भाईंदरमध्ये एकच आहे, आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा मामा आहे. हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे. कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून अर्ज लिहिण्याच्या व्यवसायात माझी हयात गेली. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी मी लिहिलेल्या मसुद्यात भल्या भल्या वकिलांना स्वल्पविरामाची जागा बदलता आलेली नाही. जमीन गेलेले, घर गेलेले, शिधापत्रिका गहाळ झालेले असंख्य लोक माझ्यासमोरच्या बाकावर बसून गेले. परंतु स्वतःचे काहीही गेलेले नसताना, केवळ वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे छापून आले म्हणून टोपी सावरीत धावत येणारे गृहस्थ हे एकटेच.

मामा वर्तमानपत्र शेवटून वाचतात. जाहीर सूचना आधी, मग निधनवार्ता, आणि राजकारण उरलेच तर. सरकारने नागरिकांचे म्हणणे मागविले आहे, याचा अर्थ ते आपल्याला नावानिशी आलेले आमंत्रण असा घेतात. “बोलावनं आलंय, आन् जायाचं न्हाय? ह्यो कुठला रीतिरिवाज?” हा त्यांचा सवाल. उद्वाहनांच्या, म्हणजे लिफ्टच्या, नियमावलीवर हरकती मागविल्या तेव्हा मामा पेणकरपाड्यातल्या कौलारू घरात राहत होते आणि त्यांनी उद्वाहनात पाऊलही ठेवलेले नव्हते. तरी त्यांनी माझ्याकडून दोन पाने लिहून घेतली. त्यातील मुख्य मागणी अशी की, प्रत्येक उद्वाहनात एक स्टूल असावे. म्हातारे माणूस उभे किती वेळ राहणार? सुनावणीला बोलावले तर रिकाम्या हाताने जायचे नाही, हाही त्यांचा नियम. वाडवडिलांची मिठागरे होती, त्यामुळे भेट म्हणून ते जाड्या मिठाची पिशवी नेत. एकदा एका अधिकाऱ्याने घाबरून पिशवी परत केली आणि ही लाच समजली जाईल, असे सांगितले. मामा म्हणाले, “मिठाला लाच म्हनतात व्हय? मंग तुमच्या घरी रोज भाजीत कोन घालतंय?”

त्यांच्या घरी घड्याळ नव्हते, दिनदर्शिका मात्र दोन होत्या. एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. मिठागरात काम केलेल्या माणसाची वेळ भरती-ओहोटीवर चालते. तिथीवरून पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, हे ते जेवता जेवता तोंडी सांगत. “कधी येता?” असे विचारले की उत्तर येई, “पानी वळल्यावर.” आमच्या लग्नानंतर पत्नीने त्यांना प्रथम जेवायला बोलावले, तेव्हा ते दुपारी चार वाजता हजर झाले.

“मामा, भात निवला की हो!” ती म्हणाली.

“निवू दे. पानी कुठं निवलंय?” असे म्हणून ते पाटावर बसले.

पेणकरपाड्याच्या मागे, इमारतींच्या शेवटच्या रांगेला लागून, खाडीचा एक अरुंद फाटा आत येतो. जुन्या मिठागरात याच फाट्याने पाणी यायचे. आता एका बाजूला संरक्षक भिंत आणि दुसऱ्या बाजूला तिवरांची झुडपे उरली आहेत. मामा रोज बांधावर जाऊन त्याची विचारपूस करीत, जशी आपण अंथरुणाला खिळलेल्या भावाची करतो. तेथील एका वसाहतीचा पहारेकरी त्यांना हटकायचा. मी एकदा सोबत होतो.

“अंकल, उधर मत बैठो, नाले में मच्छर है.”

“नाला नही, खाडी हय,” मामा त्यांच्या हिंदीत म्हणाले. “नाला फकस्त जाता हय. ये जाके वापस आती हय.”

“गंदा पानी वापस आके क्या करेगा, अंकल?”

“तेरेको बघने आता हय,” मामा म्हणाले, आणि पहारेकऱ्याने हसत त्यांना खुर्ची आणून दिली.

अशा माणसाच्या हाती ती सूचना पडली. राज्यातील नद्या, ओढे, खाड्या यांच्या संरक्षणाच्या कायद्याचे पुनर्विलोकन होणार होते, विधिमंडळाची एक समिती त्याची छाननी करणार होती आणि मसुद्याला जोडलेल्या अनुसूचीत ज्या प्रवाहांची नावे असतील, त्यांनाच संरक्षण मिळणार होते. मामांनी माझ्या टेबलावर अनुसूची उघडली आणि बोट वरून खाली नेले. फाट्याचे नाव नव्हते. पाठीमागच्या नकाशात तो ‘नाला’ म्हणून दाखविला होता, आणि नाला बुजवून वरून रस्ता काढण्यास कोणाचीच ना नव्हती. त्या दिवशी मामांनी चहा अर्धा टाकला. असे मी पूर्वी पाहिले नव्हते.

“लिवा, जावाय,” ते म्हणाले. “समितीनं सोता येऊन बघावं. अवसेच्या नायतर पुनवेच्या अंगानं यावं, उधानाच्या दिवशी, दुपारी बाराला. आष्टमीला येऊ नये, तवा पान्यात जोर नसतो आन् दुपारी ओहटी असते.”

मी लेखणी खाली ठेवली. “मामा, विधिमंडळाच्या समितीला तिथी कळवायची नसते. ती काय सत्यनारायणाला येते आहे?”

“मंग कसं लिवायचं?”

“त्याची एक पद्धत असते,” मी म्हणालो, आणि लिहिले: ‘सन्माननीय समितीने आपल्या सोयीनुसार प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी, ही नम्र विनंती.’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिले आहे. मामांना वाचून दाखविले. त्यांनी सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “तुमी लिवलंय ना? मंग झालं.”

समितीने विनंती मान्य केली. माझ्या कारकिर्दीत एखाद्या अर्जाला इतक्या त्वरेने यश आलेले मला आठवत नाही. पत्र घेऊन मी अभिमानाने पेणकरपाड्यात गेलो. मामांनी तारीख पाहिली, एक दिनदर्शिका उघडली, मग दुसरी उघडली. दोन्हींत अष्टमी होती. वेळ सकाळी साडेअकरा.

“मी लगेच तारीख बदलून मागतो,” मी म्हणालो.

“आता?” मामा म्हणाले. “आपनच या म्हनलं. पावन्याला निगताना नको येऊ म्हनतात काय? न्हाय, जावाय. येऊ दे.”

समिती आली. एक आमदार बाई, दोन अधिकारी आणि कागद सांभाळणारा एक लिपिक. मामांनी बांधावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि कोकम सरबत केले होते. समोर फाटा उघडा पडला होता. तळाशी चिखल, त्यात अडकलेल्या चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि मधोमध करंगळीएवढी पाण्याची रेघ.

“काका, पाणी कुठाय?” आमदार बाईंनी विचारले.

“गेलंय, बाई. येल.”

“कधी?”

“सांजला, साडेपाचच्या पुढं.”

“म्हणजे खाडीपण ऑफिस सुटल्यावर येते वाटतं,” एक अधिकारी म्हणाला. सगळे हसले. मामाही हसले, कारण पाहुण्यांच्या विनोदाला हसायचे असते. मग त्यांनी पायजमा वर केला आणि चिखलात उतरले. उड्या मारीत पळणारी निवटी ही चिखलातली मासळी दाखविली, खेकड्यांची बिळे दाखविली. “साहेब, नाल्यात निवटी ऱ्हातात व्हय? खारं पानी लागतं त्यांना.”

“मासळीचा विभाग वेगळा आहे, काका,” अधिकारी म्हणाला आणि लिपिकाला म्हणाला, “लिही, प्रवाह आढळला नाही.”

तेव्हा मामांनी पाहुण्यांना थोपवून धरण्याचा प्रयत्न केला. आजोबांनी बांध कसा घातला, पाणी आत घेण्याची उघाडी म्हणजे लाकडी दार कसे बसविले, मिठाचा पहिला ढीग कसा लागला, हे ते कमरेइतक्या खोल फाट्यात उभे राहून सांगू लागले. घरी हीच हकीकत सुरू झाली की माझी मुले उठून जातात. आमदार बाईंनी मात्र बराच वेळ ऐकून घेतले. नंतर त्या उठल्या, हात जोडून म्हणाल्या, “काका, मला पुढे जायचंय हो. तुम्ही सांगितलेलं मी लक्षात ठेवीन.” गाडी गेली तेव्हा दुपारचा एकही वाजला नव्हता.

मामा घरी गेले नाहीत, त्यामुळे मलाही जाता येईना. आम्ही रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिलो. शेवटी मी म्हणालो, “मामा, चूक माझी आहे. तुम्ही सांगितलेले लिहिले असते, तर आज हे झाले नसते.”

“चूक कसली?” ते म्हणाले. “घरी बोलावताना तुमच्या सोयीनं या, असंच म्हनतात. तुमी रीतीनंच लिवलं.” थोड्या वेळाने चिखलाकडे पाहत ते पुढे म्हणाले, “पान्याला फकस्त सोय नसते.”

साडेपाचनंतर तिवरांच्या मुळांपाशी काहीतरी हलले. पाणी आले. अष्टमीचे पाणी, त्यात जोर नव्हता. पिशव्यांना जरासे उचलून ते पुन्हा चिखलात उतरलेल्या मामांच्या घोट्यापर्यंत चढले आणि थांबले. “लिवा,” मामा म्हणाले. मी खिशातील कागदावर वेळ टिपली. समितीच्या अहवालात प्रवाह नव्हता, म्हणून सुधारित अनुसूचीतही नाव आले नाही. परंतु त्या सुधारित मसुद्यावर पुन्हा हरकती मागविण्यात आल्या. या वेळी मी महिनाभराच्या तिथी, पाण्याच्या वेळा आणि समितीने नेमके केव्हा यावे, हे सर्व मामांच्याच शब्दांत लिहिले. आजवर प्रत्येक अर्जाच्या तळाशी मी ‘लिहिणार’ म्हणून सही केली आहे. या अर्जावर मामांच्या सहीखाली मी दुसरा अर्जदार म्हणून सही केली. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. हरकत घेताना हात जड होतो, हे मला ठाऊक नव्हते.

अर्ज पोहोचल्याची पोच आली आहे. निर्णय आलेला नाही. दरम्यान मामांचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना सिल्व्हर पार्कमध्ये सातव्या मजल्यावर घेऊन गेला. तेथील खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. त्यामुळे टेबल आवरून परतताना मीच बांधावरून जातो, वेळ टिपतो आणि त्यांना फोन करतो.

“आलं?” ते विचारतात.

“आलं.”

“किती?”

परवा पाणी घोटाही बुडेल इतके नव्हते. तिवरांच्या बाजूला कोणीतरी दोन ट्रक माती आणून टाकली होती. मी म्हणालो, “गुडघ्याएवढं आहे, मामा.”

 ते मनातल्या मनात तिथी मोजत होते, हे मला कळले.

“आज सप्तमी हाय, जावाय,” ते हळूच म्हणाले. “आज गुडघाभर कुठनं येल?” मग जरा थांबून, “माझ्यापाशी बोला काय बी. कागदावर मात्र खरं लिवा.”

मी कागदावर ‘घोट्याच्या खाली’ असे लिहिले, मातीचे दोन ट्रक लिहिले, आणि फोन तसाच कानाशी धरून उभा राहिलो. त्यांनीही तो ठेवला नव्हता.