एक पाना कमी

"मोजलं का?"

तुम्हा दोघांना हा प्रश्न आठवत असेल. सुट्टीत इथे आलात की तुम्ही जिन्यापाशी पत्ते खेळायचात, आणि उठलात की पहिल्या मजल्यावरचे काका कठड्यावरून वाकून विचारायचे. बावन्न भरल्याशिवाय सुटका नसे. एकदा चौकटची सत्ती मिळेना, तेव्हा ते स्वतः गुडघ्यांवर बसून शोधत होते. ती शेवटी तुमच्याच चपलेखाली निघाली. ते गेले, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

क्रमाने सांगते. काका नौदलात हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीवर होते. तिथला नियम असा, की काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी भरला तरी हेलिकॉप्टर उडवायचं नाही, कारण तो आत राहिला असेल तर वर गेल्यावर कुठे अडकेल ते सांगता येत नाही. पाना सापडेपर्यंत सगळं थांबतं, समोरचा साहेब कितीही मोठा असो. त्यांच्या स्वतःच्या हत्यारांची कॅनव्हासची एक गुंडाळी होती. बावीस कप्पे, बावीस हत्यारं.

हा नियम त्यांनी आमच्या सोसायटीलाही लावला. लिफ्ट दुरुस्त करायला माणसं आली होती. काम झालं तेव्हा त्यांची एक पक्कड सापडेना. काका लिफ्टच्या दारात उभे राहिले. सेक्रेटरी ओरडले, "अहो काका, बाजूला व्हा ना! पकडीसाठी काय लोकांना पाच मजले चढायला लावणार?"

"चढू दे की. पाय आहेत ना?"

मी भाजीची पिशवी घेऊन पाच मजले चढले. तासाभराने पक्कड लिफ्टच्या टपावर सापडली. माफी कोणी मागितली नाही. मात्र पुढच्या वेळेपासून लिफ्टवाले आपली पेटी बंद करण्यापूर्वी त्यांना हाक मारत.

निवृत्तीच्या वेळी त्यांना एक कागद मिळाला होता. काही वर्षं तुम्ही राखीव यादीत आहात, गरज पडली तर बोलावू, असं त्यात होतं. ती वर्षं केव्हाच संपली. नंतर इथल्या कारखान्यात नोकरी केली, तीही संपली. पण दारामागे बॅग भरलेली असे: ती गुंडाळी, दोन जोड कपडे आणि तो कागद. घरचा जुना फोनही त्यांनी काढू दिला नाही, कारण कागदावर तोच नंबर होता.

काकू मालवणच्या. त्या म्हणायच्या, "ह्यांका बोलावणा येतला म्हणान मी माहेराक चार दिस धड रवलंय नाय."

"आलं असतं म्हणजे?" काका विचारत.

"इला खंय?"

एका उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि शहरात भोंग्यांचा सराव झाला. काका तीन दिवस गेटजवळच्या बाकावर बॅग घेऊन बसले. काकू वर फोनपाशी. मी दूध आणायला उतरले तेव्हा विचारलं, "तुमचं वय काय हो आता?"

"एकाहत्तर. पण बाई, जुनी मशीनं परत काढली तर नवीन पोरांना काय कळणार? ती मशीनं पुस्तकाप्रमाणे चालत नाहीत. त्यांना हात माहीत असावा लागतो."

चौथ्या दिवशी ते वर गेले.

ज्या युद्धनौकेवर त्यांची हेलिकॉप्टरं असत, ती बोट तोवर भंगारात निघाली होती. आमच्या इमारतीचे खांब दुरुस्त होत होते, तेव्हा नव्या सळ्यांवर थाप मारून ते म्हणाले होते, "यात आमची बोट असू शकते. पोलाद वाया जात नाही." नंतर बरेच दिवस जाता-येता ते त्या खांबाला हात लावत.

मग पावसाळा संपल्यावर फोन आला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका माणसाचा. त्यांच्या जुन्या तुकडीतलं हेलिकॉप्टर मुलुंडला येणार होतं. तुम्ही लागाल, असं तो म्हणाला. कशासाठी, हे काकांनी विचारलं नाही. बोलावणं आल्यावर विचारायचं नसतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात आले. "बाई, आलं."

काकूंनी मला बरोबर पाठवलं. "इंग्रजी कागद असतील, तुम्ही वाचा. आणि ह्यांका वेळार जेवूक घाला."

हेलिकॉप्टर ट्रेलरवर होतं. बाजूला बागेची भिंत, आत सिमेंटचा नवा खांब. कंत्राटदाराकडे कामाला असलेली एक इंजिनीअर मुलगी होती, चांगली बोलणारी. "काका, याला या खांबावर बसवायचंय. आतलं तेल काढून टाकायचं आणि पंखे जाम करायचे. बागेत लहान मुलं येतात ना."

तिने दिलेला कागद मी वाचला. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा अर्थ लावण्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. तरी दोनदा वाचला. मग मराठीत सांगितला: हे हेलिकॉप्टर कायमचं उडण्यास अयोग्य करावं.

काका म्हणाले, "बरं."

त्यांनी जमिनीवर गुंडाळी पसरली आणि हत्यारं मोजली. बावीस. तीन दिवस काम चाललं. पोटाकडे एका ठिकाणी पत्र्याला ठिगळ होतं, ते त्यांनीच पूर्वी लावलेलं. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. "गिअरबॉक्स आधीच काढून नेलाय. दुसऱ्या कुठल्या मशीनला लागला असेल. बरं केलं." आवाज नेहमीचाच होता. मी सावलीत खुर्ची टाकून बसत असे. जेवणाच्या वेळी त्यांना हाक मारायची, डबा उघडायचा, पुसून परत भरायचा, एवढंच माझं काम.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं झाकण बसलं. क्रेनने ते उचललं, खांबावर ठेवलं, खालून बोल्ट आवळले. इंजिनीअर मुलगी सहीचा कागद घेऊन आली. काकांनी हत्यारं मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. मग मला मोजायला लावली. दहा नंबरच्या पान्याचा कप्पा रिकामा होता.

"राहू दे ना काका, मी नवीन आणून देते."

"पाना आत आहे."

"पण हे कुठे उडणार आहे आता?"

काकांनी रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "बाई, लिहा. इंग्रजीत, नीट. एक हत्यार सापडलेलं नाही. ते मिळेपर्यंत उड्डाणाला परवानगी नाही."

मी तिच्या कागदाच्या तळाशी तसं लिहिलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली. त्या मुलीने वाचलं आणि फाइलमध्ये ठेवलं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन पिशवी रिकामी केली. डब्याचा नॅपकिन उलगडला तर आत दहा नंबरचा पाना. जेवताना त्यांनी तो नॅपकिनवर ठेवला असणार, आणि मी नेहमीप्रमाणे चारी टोकं जुळवून घडी घातली असणार. मी तो धुऊन पुसला.

सकाळी परत द्यायला खाली उतरले. काका बाकावर बसले होते. वॉचमन त्यांना चिडवत होता, "काय काका, तुमचं हेलिकॉप्टर उडत नाही म्हणे?"

"उडत नाही असं नाही," काका म्हणाले. "एक पाना सापडत नाही. सापडला की बघू."

त्यांनी पाय पसरले होते. बॅग जवळ नव्हती. मी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि दूध न घेताच वर आले.

त्यानंतर दीड वर्ष ते रोज बागेत जात. मुलं विचारत, त्यांचे आईबाप विचारत. उत्तर तेच. मी दोनदा पाना घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा काकूंशी पाण्याच्या वेळेबद्दल बोलून परत आले.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. मी सतरंज्या मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या. तेराव्यानंतर काकूंनी फोन काढायला सांगितला. बॅग मात्र दारामागेच आहे. "एक कमी आसा," त्या म्हणाल्या. "असो." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल.

माझ्या घरातल्या सामानाची यादी मी करून ठेवली आहे, ते तुमच्या आईला ठाऊक आहे. कधीतरी तुम्ही ती घेऊन खोल्या तपासाल. टेबलाच्या डाव्या खणात नॅपकिनमध्ये एक वस्तू यादीपेक्षा जास्त भरेल. मोजण्यात चूक झाली असं समजू नका. तिथेच राहू द्या.

आणि बागेत गेलात, आणि कोणी विचारलंच, तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे. एक पाना सापडत नाही.