आधी बोलणं, मग ओरडणं

हुंकारराव आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आले ते एसी दुरुस्त करायला. अकरा वर्षं झाली त्याला. तळघरातली जागा, एसी बंद, आणि काचेपलीकडे एक नट तासभर कण्हत होता. म्हणजे कामच ते होतं. व्हिडिओ गेममधल्या नायकाला तलवार लागते, तो कड्यावरून पडतो, ओझं उचलतो, त्याचे आवाज हवे होते. नट नाटकातला, गुणी माणूस, पण त्याचं प्रत्येक कण्हणं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेकडे निघालेलं असायचं. मी ध्वनिमुद्रणाच्या खुर्चीत बसून सत्ताविसावं कण्हणं ऐकत होते आणि माझं डोकं उठलं होतं. तेवढ्यात मागे जिन्यावर, कॉम्प्रेसर खांद्यावर घेतलेल्या मिस्त्रींची एक पायरी चुकली. ते भिंतीला टेकले आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नाही, काही नाही. नुसता श्वास, पण त्या लोखंडाचं सगळं वजन त्यात होतं.

मी वळून म्हटलं, "अहो, तो खाली ठेवू नका. तसेच आत या."

नटाला चहा पाजून घरी पाठवलं. मिस्त्रींनी कॉम्प्रेसर सात वेळा उचलला. एसी त्या दिवशी दुरुस्त झालाच नाही.

हे गेम म्हणजे लांबलचक गोष्ट असते. खेळणारा स्वतःच नायक होऊन गावोगाव हिंडतो. लोक त्याला आपली रडगाणी सांगतात आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते खेळणारा पडद्यावरच्या तीन-चार ओळींतून निवडतो. आमच्या गेममधल्या नायकाला सगळे 'वाटसरू' म्हणतात. न्हावी बोलतो, नावाडी बोलतो, चोरसुद्धा पानभर बोलतो. वाटसरू मात्र मुका. नायकाच्या तोंडी आवाज घातला की तो परका होतो, खेळणाऱ्याला त्याच्यात स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा, असं गेम बनवणाऱ्यांचं म्हणणं. असेलही. पण मुक्या माणसालाही धाप लागते, ठेच लागते. एका गेमला साडेतीनशे आवाज लागतात, आणि ते कुणीतरी घशातून काढावे लागतात. तीन भाग आमच्या मिस्त्रींनी काढले. आठवडाभर एसीची कामं आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे मरायला यायचं. म्हणून नाव पडलं हुंकारराव.

मरायचे प्रकार कागदावर लिहिलेले असत. 'मरणे, पाण्यात.' 'मरणे, आगीत.' 'मरणे, उंचावरून, लांब.' हुंकारराव चष्मा लावून तो कागद एखाद्या सामानाच्या यादीसारखा वाचायचे, मान डोलवायचे आणि मरायचे. ही मरणं दिवसाच्या शेवटी घ्यायची असतात. एकदा माणूस जीव तोडून ओरडला की घसा फाटतो आणि मग दोन दिवस त्यातून धड शब्द निघत नाही. पूर्वी एका गुणी गायिकेला मी सकाळी ओरडायला लावलं होतं आणि दुपारी तिच्या तोंडाकडे बघवेना. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. जाड पेनाने एक कागद लिहून भिंतीवर चिकटवला: 'आधी बोलणं, मग ओरडणं, मरणं सगळ्यात शेवटी.' अठरा वर्षं तो कागद तिथे होता.

माणूस अतिशय कमी बोलणारा. त्यांची बायको एकदा डबा द्यायला आली होती, तेव्हा मला म्हणाली, "तुमच्याकडे निदान पैसे घेऊन आवाज करतात. घरी नुसतं 'हं'. सात प्रकारचे 'हं' आहेत, मला सगळे पाठ झालेत. पाहुण्यांना मी अर्थ सांगते."

हुंकारराव म्हणाले, "हं."

"हा पाचवा," ती म्हणाली. "म्हणजे पुरे कर आता."

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिलाही नव्हती. माइक चालू असतो. आवाज देऊन झाला की मधल्या वेळात काचेपलीकडे हुंकारराव पुटपुटायचे, आणि माझ्या कानांवर हेडफोन असायचे. पहिल्याच भागात एक प्रसंग होता. वाटसरू फार वर्षांनी घरी येतो, थोरली बहीण दार उघडते आणि विचारते, "इतकी वर्षं कुठे होतास रे?" वाटसरू मुका, तेव्हा तो फक्त मान खाली घालतो. कागदावर लिहिलेलं होतं, 'एक श्वास, अपराधी.' हुंकाररावांनी श्वास दिला. मी "छान" म्हटलं. आणि मग ते स्वतःशीच, अगदी हळू, म्हणाले, "वाट चुकलो होतो गं ताई."

माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं नटांचे आवाज ऐकून माझे कान किटले आहेत, सहजासहजी काही होत नाही मला. हा आवाज खालचा, थोडा खरखरीत, आणि कुणाला ऐकवायचाच नव्हता म्हणून खरा. आमचा नियम असा, की टेकच्या, म्हणजे मागून घेतलेल्या आवाजाच्या, बाहेरचं जे काही आपसूक मुद्रित होतं ते संध्याकाळी पुसून टाकायचं. मी पुसलं. पुढे दहा वर्षं तसली कितीतरी उत्तरं मी ऐकली आणि शिस्तीत पुसली.

एकदा मी विचारलं, "वाटसरू मुका आहे हे तुम्हाला पटतं का हो?"

त्यांनी चष्मा काढून हातातल्या कागदावर ठेवला. "मुका नाही तो," म्हणाले. "सगळे त्याला विचारतात, बाई, आणि उत्तर द्यायच्या आत पुढचं बोलायला लागतात. मग तो कशाला मधे बोलेल?"

चौथा भाग ठरला तेव्हा वरून निरोप आला की आता वाटसरू बोलणार. खेळणाऱ्यांनी भांडून भांडून वात आणला होता. अर्धे म्हणत, त्याला मुकाच राहू द्या, तो आमचा आहे. उरलेले म्हणत, बहीण समोर रडली तरी हा खांबासारखा उभा, हा कसला नायक? दुसरा पक्ष जिंकला. दिग्दर्शक नटांच्या याद्या काढायला लागला. मी त्याला म्हटलं, "ज्याच्या घशातून वाटसरू तीनदा मेला, त्याला एकदा जिवंतपणी बोलायला द्या." तो हसला. म्हणाला, "एसीवाले काका? बरं, चाचणी घेऊ. पुढच्या रविवारी त्यांचे नव्या भागाचे ओरडण्याचे आवाज घ्यायचेच आहेत, त्याच दिवशी उरकून टाकू."

हुंकाररावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक 'हं' केला. तो सातांपैकी नव्हता, असं त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलं. "आठ दिवस झाले, न्हाणीघरात रिकाम्या बादलीत तोंड घालून बोलतायत," ती म्हणाली. "बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षांत मी या माणसाची एवढी वाक्यं ऐकली नाहीत. चांगलं बोलतात हो. होईल ना त्यांचं?"

मी म्हटलं, "होईल की." इतक्या सहज म्हटलं.

आता माझं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात आमच्या नव्या मॅनेजरने स्टुडिओला रंग काढला आणि माझा अठरा वर्षांचा कागद फाडून टाकून दिला. विचारलं नाही, सांगितलं नाही. वर मलाच म्हणाला, "भिंत किती स्वच्छ दिसते बघा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्याशी अबोला धरला. या वयात, नोकरीच्या जागी, लहान पोरीसारखा. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची, तोंडाने शब्द नाही.

रविवारी सकाळी त्याने दिवसाचा कागद आणून दिला. वर ओरडणे, एकशे दहा. मग मरणे, चोवीस. सगळ्यात खाली, 'वेळ उरल्यास, संवादाची चाचणी.'

मी तो कागद वाचला आणि मनात म्हटलं, बघ, फाड अजून माझे कागद. होऊ दे गोंधळ. येशील मग हात जोडत. असं मनात म्हणताना तो घसा कुणाचा आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मला वाटलं, हुंकारराव स्वतः म्हणतीलच. माझा नियम त्यांना पाठ होता, अकरा वर्षं त्यांनी तो भिंतीवर वाचला होता.

काचेपलीकडे त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि वर बघितलं. आधी भिंतीकडे, जिथे नुसता पांढरा रंग होता. मग माझ्याकडे. त्यांना वाटलं असणार, बाई म्हणतीलच. मी बटणांकडे बघत बसले. त्यांनी मान डोलवली आणि पहिलं ओरडणं दिलं.

इतकं चांगलं ते कधीच ओरडले नव्हते. एक आवाजही राखून दिला नाही. दुपारी मरणं झाली. बायकोने थर्मासमधून गरम पाणी दिलं होतं, ते घोट घोट पीत होते. चार वाजता दिग्दर्शक आला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "हं काका, तो घरी येण्याचा प्रसंग. नव्या भागात पुन्हा घेतलाय, आता उत्तरासकट." बहिणीचा आवाज वाजला: इतकी वर्षं कुठे होतास रे? हुंकाररावांनी तोंड उघडलं. वाक्य दोन ओळींचं होतं. त्यातले पहिले तीन शब्द कसेबसे आले आणि पुढे नुसती हवा. ते पाणी प्यायले, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हवासुद्धा आली नाही.

दिग्दर्शक वाईट माणूस नाही. हळूच म्हणाला, "राहू द्या काका. दमलात." आणि मला म्हणाला, "आवाजच नाही हो यांना." मी तेव्हाही बोलू शकले असते. उद्या घ्या, परवा घ्या, सकाळी घ्या, एवढंच. पण मग माझ्या समोरचा कागद मी सकाळीच का नाही बदलून घेतला, हे सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला. "घशातून आवाज येत नाहीये, खुणा करतायत. झालं का त्यांचं?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं, माझ्या अबोल्यासकट. त्याने डोकं धरलं. "सह्या आजच दुपारी आहेत आणि काकांचा घसा अजून बसलेला. त्यांचं काही मुद्रित केलेलं आहे का, चांगल्या आवाजातलं? असेल तर अजून लढता येईल मला." दहा वर्षांची उत्तरं मी माझ्या हाताने पुसली होती. दुपारी वरच्यांनी त्या नाटकातल्या नटाच्या करारावर सह्या केल्या. हो, तोच, सत्ताविसाव्या कण्हण्यावाला. बोलतो मात्र सुरेख.

कण्हणं त्याला अजूनही जमत नाही. म्हणून वरच्यांनी तोडगा काढला: शब्द नटाचे, श्वास हुंकाररावांचा. आधी यांनी धाप द्यायची, मग त्याने वाक्य बोलायचं. हुंकाररावांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मी त्यांची माफी मागितली, नीट, समोर उभं राहून. ते म्हणाले, "मला पण ठाऊक होतं, बाई. मी पण नाही बोललो." माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि नाही केलं असंही नाही. मग एसीकडे बघून म्हणाले, याचा फिल्टर धुवायला झालाय.

पहिल्या दिवशी दोघंही काचेपलीकडे होते. नट माइकपुढे आणि हुंकारराव कोपऱ्यात स्टुलावर. मॅनेजर कागद घेऊन आत गेला. माइक चालू होता, मी आवाजाची पातळी बघत होते. नट कागद वाचून मान डोलवत होता. मागच्या स्टुलावरून वाकून हुंकाररावांनी तो बघितला. वर लढाईच्या आरोळ्या, साठ. खाली बहिणीचा प्रसंग.

मी खुर्चीतून उठत होते. या वेळी खरंच उठत होते. पण त्याआधी हुंकारराव स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "साहेब, आधी बोलणं घ्या यांचं. ओरडणं शेवटी. नाहीतर घसा जातो माणसाचा."

मॅनेजरने खिशातून पेन काढलं, कागदावर दोन बाण ओढले, वरचं खाली आणि खालचं वर. "असं असतं होय?" तो म्हणाला. "मग आधी सांगायचं ना, काका."

हुंकारराव स्टुलावर परत बसले आणि फरशीकडे बघत राहिले. मी काचेच्या या बाजूला रडत होते. मॅनेजरला काही कळेना, तो मला विचारायला आला, एसी फार थंड झालाय का.

हुंकाररावांचं ते वाक्य मुद्रित झालंय. सात सेकंदांचं आहे, स्वच्छ, खालच्या आवाजातलं, एकही शब्द फाटलेला नाही. टेकच्या बाहेरचं सगळं संध्याकाळी पुसायचं असतं. हे मी पुसलेलं नाही.