अर्ध्या चहाची बशी

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेला निघालो होतो. आप्पा म्हणजे आमचे शेजारी, निपाणीतच निवृत्त झालेले हवालदार, आणि सिनेमाला जायचं तर माझे हक्काचे सोबती. त्याला आता महिना होऊन गेला.

मी पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेनं सिनेमांवर लिहितो. मागं टॉकीजला दोन पोलिसांचा विनोदी सिनेमा लागला होता. एक तापट, एक भोळा, सारखी जुंपलेली. मी पोट धरून हसत होतो आणि आप्पा मात्र जबाब नोंदवायला बसल्यासारखे पडद्याकडं बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मास्तर, एवढं पळत्यात, पर वर्दीला घाम न्हाय. चोर बी धरा म्हणून हुभाच! लई खोटं."

"म्हणजे काहीच आवडलं नाही?"

"त्यो चहा आवडला. भांडान चाललंय, पर चहा एकच. एकाला कप, एकाला बशी. जोडी अशीच असती बघा."

मला शेवट आवडला होता. एका गाण्यात दोघांचा रुसवा मिटतो, गळाभेट होते. तसं बोललो, तर आप्पा खवळलेच. "एका गाण्यात? असं मिटतंय व्हय कुठं?" आणि तरातरा पुढं चालू लागले.

त्यांचं दुखणं मला ठाऊक होतं. मल्लाप्पा हे त्यांचे गस्तीवरचे जोडीदार, घरी कन्नड बोलणारे. कित्येक वर्षं दोघांनी एकत्र काढली. सीमाप्रश्नाच्या एका मोर्चात, बंदोबस्तावर असताना, दोघांच्याही तोंडून एकमेकांच्या भाषेबद्दल नको ते गेलं आणि बोलणंच तुटलं. पुढं मल्लाप्पांची बेळगावला बदली झाली. आप्पा तिथल्या खडेबाजारात खरेदीला म्हणून जात, मल्लाप्पांच्या दारापर्यंत पोचत आणि तसेच माघारी येत. दोन शहाण्या माणसांच्या या हट्टाचा मला आजही राग येतो.

घरी आप्पा बशीत ओतलेला तेवढाच चहा पीत, कपातला अर्धा ठेवून उठत. वहिनी वैतागायच्या, "भावजी, ह्यास्नी सांगा की जरा. रोज अर्धा चहा मोरीत ओतत्या मी." मी हसून सोडून द्यायचो. त्या सिनेमानंतर मात्र तो कप बघून हसू आलं नाही.

दिवसकार्याला मल्लाप्पा आले. खूप थकले होते. आप्पांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. वहिनींनी चहा आणून ठेवला. त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी खुर्चीकडं सरकवली आणि कप तोंडाला लावला.

"त्यो बशीच घेत हुता, आक्का," एवढंच म्हणाले.

वहिनींनी रिकामा कप उचलला. बशीतला चहा मात्र निवून त्यावर साय धरली तरी खुर्चीपुढंच होता. त्या दिवशी त्यांनी तो चहा मोरीत ओतला नाही.