भाऊजींचे गेलेले दिवे

माझे भाऊजी आयुष्यात कधी पत्त्यांच्या डावाला बसले नाहीत. नातवंडांबरोबर सापशिडी खेळतानासुद्धा फासा दुसऱ्याला टाकायला लावतात. पण त्यांचं कपाट उघडून कुणी पाहिलं, तर या माणसानं घरदार जुगारात उधळलं असणार, असंच वाटेल. आत सगळी जुनी पोस्टकार्डं, तीही फक्त कॅसिनोंच्या रस्त्यांची. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना निऑनच्या लाल-हिरव्या पाट्या, पळणारे बाण, डोक्यात गुलाबी पिसं खोवलेल्या बायका आणि खाली लांबलचक मोटारी.

भाऊजींना ना जुगाराशी कर्तव्य, ना त्या बायकांशी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या ताईनं, सुरुवातीलाच त्याची खात्री करून घेतली होती. भाऊजी बघतात ते एवढंच, की कुठे एखादा दिवा गेलाय का.

त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात झाली. शिडी लावायची, उडालेला बल्ब काढायचा, नवा बसवायचा. अजूनही कुणाच्या घरी गेले की यजमानाच्या आधी ते छताकडे बघतात. एका रस्त्यावर हजारो दिवे आणि झाडून सगळे लागलेले, हे त्यांच्या बुद्धीला पटतच नाही.

"थापा आहेत," ते म्हणतात. "छापणाऱ्यांनी रंग भरलेत. खरा रस्ता असेल तर एक तरी दिवा गेलेला असणारच."

असा गेलेला दिवा ज्यात सापडेल ते कार्ड अस्सल, बाकीची नुसती चित्रं. अस्सल कार्डं त्यांच्याकडे मोजकीच होती. त्यातलं लाडकं म्हणजे माशाचं. इमारतीच्या माथ्यावर भलामोठा मासा, खवल्याखवल्याला पिवळा दिवा आणि शेपटीजवळ एकच काळा ठिपका. त्या ठिपक्याबद्दल भाऊजी इतकं बोलत, की ताईनं ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. मधूनमधून "हं" म्हणायची, तेवढंच.

संग्राहक मंडळात भाऊजींना कुणी विचारत नसे. नाणेवाले त्यांना 'जुगारीबुवा' म्हणायचे. दरवर्षी प्रदर्शनात ते खुर्च्या मांडू लागायचे आणि मागच्या रांगेत बसायचे. यंदा मात्र अध्यक्षांनी त्यांना टेबल देऊ केलं. "पण दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काहीतरी दाखवा. उद्घाटनाआधी मी स्वतः बघणार. नाहीतर टेबल नाणेवाल्यांना."

भाऊजींनी नवा सदरा शिवला.

प्रदर्शनाच्या सकाळी मी ताईबरोबर हॉलवर गेले, तर भाऊजी भिंग घेऊन माशाच्या कार्डावर वाकलेले. शेजारी अध्यक्ष घड्याळ बघत उभे. भाऊजींच्या कपाळावर घाम.

"दिसत नाहीये गं," ते मला हळूच म्हणाले. "माझे डोळे गेले बहुतेक."

"अहो, काय शोधताय?" ताईनं विचारलं.

"गेलेला दिवा. शेपटीतला काळा."

ताईचा चेहरा उतरला. "तो डाग होता ना?"

ताई लग्नाआधीपासून फोटो स्टुडिओत टचिंग करायची. मुरमं, तीळ, देवीचे व्रण, सगळं बारीक कुंचल्यानं नाहीसं करायची. नवऱ्याचं कार्ड लोकांसमोर मांडलं जाणार आणि त्यावर डाग? तिचा हात आपोआपच चालला होता.

"पुसलास?"

"पुसला नाही हो, भरला. हलका पिवळा, कडेला किंचित नारिंगी."

"तू दिवा लावलास?"

"मला काय माहीत तुम्हाला गेलेलाच हवाय ते! अख्खं जग दिवा लागावा म्हणून धडपडतं!"

"लग्न झाल्यापासून सांगतोय!"

"लग्न झाल्यापासून तुम्ही बरंच काही सांगताय."

अध्यक्ष खाकरले. "म्हणजे आता यात विशेष असं काही नाही?" लांबून नाणेवाले टेबलाचा अंदाज घेत होतेच.

भाऊजींनी पुन्हा भिंग लावलं. "भरलास तरी कुठला?"

ताईनं चष्मा चढवला. "हा. नाही, हा असेल. थांबा हं." ती बराच वेळ वाकून राहिली. मग ओशाळून म्हणाली, "मलाच सापडत नाहीये."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंग सरळ अध्यक्षांच्या हातात दिलं. "यातला एक दिवा हिनं लावलाय. शोधून दाखवा. सापडला तर टेबल नाणेवाल्यांचं."

अध्यक्षांनी शोधला. नाणेवाल्यांनी शोधला. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांनी शोधला. प्रत्येकानं वेगळ्या खवल्यावर बोट ठेवलं आणि त्यांची आपसांतच जुंपली. उद्घाटनाची फीत कुणी कापली हे कुणालाच आठवत नाही. दिवसभर रांग हटली नाही आणि टेबलही हललं नाही.

संध्याकाळी कार्डं आवरताना भाऊजी ताईला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "तुझ्या ताईला सांग, हे एक झालं ते झालं. बाकीच्या अस्सल कार्डांना हात लावायचा नाही."

ताई मला बाजूला ओढून कुजबुजली, "बाकीच्यांचं घरी गेल्यावर सांगते. आधी जेवू देत त्यांना."